जाईचा वेल आणि आमचे खरेदीखत

घर विकत घेता येते ह्या गोष्टीचे आम्हांस वकिलीच्या वीस वर्षांत कधी नवल वाटले नव्हते. खरेदीखतांचे मसुदे आम्ही शेकड्यांनी केले असतील. चतुःसीमा लिहावयाच्या, पूर्वेस अमक्याचे भाट, पश्चिमेस ओहोळ, उत्तरेस देवस्थानची जमीन, आणि मग ते ठरावीक वाक्य घालावयाचे की, सदर मिळकत तीतील झाडे, झुडपे, विहीर, वाटा, पाणी व सर्व उपभोगांसह खरेदीदाराच्या स्वाधीन केली आहे. हे वाक्य लिहिताना आमचा हात कधी अडखळला नाही. गेल्या वर्षी ते प्रथमच आमच्या स्वतःच्या नावापुढे लिहिले गेले, आणि त्यातील ‘झाडे, झुडपे’ ह्या दोन शब्दांनी आम्हांस जेवढे छळले तेवढे एखाद्या गुंतागुंतीच्या दाव्यानेही आजवर छळले नाही.

मडगावात तिसऱ्या मजल्यावर पंधरा वर्षे राहिलेल्या आणि कुंडीतल्या तुळशीपलीकडे वनस्पतिसृष्टीशी संबंध नसलेल्या माणसाने जुने घर घ्यावे, आणि तेही कुळागरासकट, हे धाडसच म्हणावयाचे. घर फोंडा महालात, एका देवळाच्या तळीपासून हाकेच्या अंतरावर आहे. हा महाल म्हणजे जुने अंत्रुज. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अंमलातील देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा, लोटलीचा रामनाथ हे देव आपल्या भक्तांच्या खांद्यावरून जुवारी ओलांडून ह्याच महालात आले. तेव्हा नव्या घरी राहावयास येणे ही ह्या मातीला अपरिचित गोष्ट नाही. येथील देवांनीच ती साडेचारशे वर्षांपूर्वी केली आहे. आम्ही सामानाचा टेंपो घेऊन आलो एवढाच फरक.

घरातील शेवटची वृद्धा वारल्यापासून ते अकरा वर्षे बंद होते. वारस मुंबई, पुणे, बेळगाव येथे पांगलेले. गोव्यातील परंपरेप्रमाणे मिळकत पतिपत्नींची समाईक, म्हणून वारसांबरोबर त्यांच्या पतींच्या व पत्नींच्याही सह्या लागतात. अशा एकोणीस सह्या गोळा करता करता आमचे दीड वर्ष गेले. पण कागद चोख झाले. १९७५ च्या मुंडकार कायद्याखाली कोणी हक्क सांगणारा नव्हता. एक-चौदाच्या उताऱ्यात कुळाचे नाव नव्हते, आणि ‘इतर हक्क’ हा रकाना कोरा होता. ह्या कोऱ्या रकान्याचा आम्हांस त्या दिवशी किती आनंद झाला होता हे आज सांगावयास संकोच वाटतो.

इंदूर-बडोद्याकडील वाचकांसाठी कुळागराविषयी दोन शब्द सांगावयास हवेत. डोंगराच्या कुशीत, जेथे वर झरा आहे आणि खाली उतार आहे, तेथे हे आगर करतात. उंच माड, त्यांच्या खालोखाल पोफळी, पोफळीच्या अंगावर चढलेली मिरवेल, मधून केळी, पायाशी अननस, हळद, आले. कडेला भिरंड, फणस, एखादे जायफळ. एकाच्या सावलीत दुसरे, दुसऱ्याच्या ओलीत तिसरे. झऱ्याचे पाणी पाटाने उतरते आणि एका झाडाच्या आळ्यातून दुसऱ्याच्या आळ्यात जाते. पण आपोआप जात नाही. रोज सकाळी कोणीतरी फावडे घेऊन एका पाटाचे तोंड मातीने बंद करावे लागते आणि दुसऱ्याचे उघडावे लागते. पोफळ लावल्यापासून पाच-सहा वर्षे फळ देत नाही, आणि मग लावणाऱ्याच्या नातवापर्यंत देत राहते. म्हणजे कुळागरात उभा असलेला माणूस नेहमीच कोणा दुसऱ्याच्या कष्टाचे खात असतो, आणि स्वतःचे कष्ट कोणा दुसऱ्यासाठी पुरीत असतो. हे आम्हांस आता कळते. ताबा घेतला त्या दिवशी आम्हांस फक्त रान दिसले.

आणि रान खरोखरच होते. पाट बुजलेले, पोफळींपैकी निम्म्यांचे शेंडे वाळलेले, पुरुषभर उंचीची रानमोडी, तिच्या कडेने घाणेरीचे कुंपण, आंब्यावर बांडगूळ, आणि विहिरीच्या कठड्यातून हातभर वर आलेला पिंपळ. दुपारच्या वेळी त्या दाटीतून भारद्वाजाचा तो खोल घुमणारा आवाज येई. आमच्या मुलांस तो फार आवडे. आम्हांस मात्र प्रत्येक पाचोळ्याखाली साप दिसत असे.

चैत्रात दोन कामेरी लावले. त्यांतला वडीलधारा पहिल्या दिवशी कोयता बाजूस ठेवून उभाच राहिला. म्हणाला, “बाब, राखणदाराक नाल्ल दवरल्याबगर हांव कोयतो मारचो ना.” जागेचा राखणदार म्हणजे काय हे गोमंतकीय वाचकास सांगावयास नको. आम्ही मनातून हसलो. एकोणीस सह्यांचे, मुद्रांक भरलेले, नोंदणी झालेले खत आमच्या कपाटात होते, आणि हा मनुष्य आमच्याच जमिनीत शिरण्यासाठी ज्याचे नाव कोणत्याही उताऱ्यात नाही अशा एकाची अनुमती मागत होता! पण मजुराच्या श्रद्धेस कशाला दुखवावे, म्हणून नारळ आणून दिला. त्याने माडाच्या बुंध्याशी तो ठेवला, दोन शब्द गाऱ्हाण्याचे पुटपुटला आणि कामास लागला. आमच्या दृष्टीने तो विधी पाच मिनिटांत संपला होता.

बारा दिवसांत जमीन दिसू लागली. आम्ही दर संध्याकाळी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसू, आणि आज किती मोकळे झाले ते पाहून, स्वतः काडीही न उचलता, कर्तबगारीचा आनंद उपभोगू. मनूच्या नवव्या अध्यायात असे म्हटले आहे की, ज्याने खुंट तोडून जमीन साफ केली तिचे शेत त्याचे. हे वचन आम्ही वकिलीच्या सुरुवातीच्या काळात एका युक्तिवादात वापरलेही होते. ते खरे धरावयाचे तर आमचे कुळागर त्या दोघा कामेऱ्यांचे व्हावयास हवे होते. पण तेव्हा हे सुचले नाही.

नवव्या की दहाव्या दिवशीची गोष्ट. विहिरीच्या पलीकडे गल्लीच्या अंगास एक पेरूचे मेलेले झाड होते, आणि त्यावर रानमोडी व आणखी कसकसल्या वेलींचा एक मोठा गुंता होता. म्हातारा कामेरी व्हरांड्याशी आला. आम्ही दुसऱ्या दिवशीच्या एका अपिलाची कागदपत्रे वाचीत होतो. तो म्हणाला, “बाब, थंय जायी आसा. दवरूं?” आम्ही मान वर न करता सांगितले, सगळे साफ कर. तो क्षणभर थांबला असावा. निदान तसे आता आठवते. मग गेला. त्या बाजूची जुनी गडगी पडली होती, तेथे आम्ही चिऱ्याची नवी भिंत घातली. मुळे खणून काढली आणि सगळा पाला जाळला.

आषाढात ती आली. म्हणजे आम्हांस ती आषाढात दिसली. येत होती ती कितीतरी वर्षे. पहाटेचा पाऊस थांबला होता. भिंतीपलीकडे डोक्यावर इरले घेतलेली, हातात परडी असलेली एक सत्तरीची बाई उभी होती आणि आमच्या नव्या चिऱ्यांकडे पाहत होती. आम्ही विचारले, “मावशी, कोण हवे आहे?” ती म्हणाली, “बाब, हांगाची जायी खंय गेली?”

मग हळूहळू सगळे कळले. तीस-एक वर्षांपूर्वी म्हार्दोळहून तिने जाईची फांदी आणली होती. म्हार्दोळची जाई आणि तेथील म्हाळसेच्या देवळातील जायांची पूजा ह्यांचे महत्त्व ह्या भागात राहणाऱ्यास ठाऊक असते. तिच्या स्वतःच्या झोपडीभोवती जागा नव्हती. आमच्या घरातील त्या वृद्धेने, म्हणजे मूळ मालकिणीने, सांगितले, विहिरीपलीकडे लाव. एक ओंजळ माझ्या देवाला दे, बाकीची देवीला ने. तेव्हापासून पावसाळ्यात रोज पहाटे ती येई, ओंजळभर फुले घराच्या पायरीवर ठेवी, आणि उरलेल्यांचा हार ओवून देवळात देई. घर बंद झाल्यावरही पडक्या गडगीतून ती येतच राहिली. पायरीवर ओंजळ ठेवतही राहिली, बंद दारासमोर. आम्ही कुळागर पाहावयास प्रथम आलो तेव्हा पायरीवर सुकलेली फुले पाहिल्याचे आमच्या पत्नीस आठवते. कोणा पक्ष्याने टाकली असतील असे आम्ही म्हटले होते.

आम्ही बरेच बोललो. ठाऊक नव्हते, नवीन जाई लावू, पैसे लागले तर देऊ, असे जे जे मनुष्य अशा वेळी बोलतो ते सगळे. तिने मूळ उरले आहे का एवढेच विचारले. नाही म्हटल्यावर ती थोडा वेळ उभी राहिली. “ती म्हजी न्हंय बाब, देवीची,” असे म्हणाली, आणि देवळाच्या वाटेस लागली. त्या शब्दांत तक्रार नव्हती. तक्रार असती तर तिला उत्तर देणे आमच्या व्यवसायाचाच भाग आहे.

त्या दिवशी कोर्टातून आल्यावर आम्ही स्वतःविरुद्ध त्या बाईचे वकीलपत्र घेतले, मनातल्या मनात. तिचा हक्क काय होता? दीर्घकाळच्या उपभोगाने हक्क उत्पन्न होतो ही कल्पना रोमन कायद्यापासून चालत आली आहे. पण त्या उपभोगास तीन अटी आहेत: तो बळजबरीचा नसावा, चोरटा नसावा, आणि परवानगीने मिळालेला नसावा. तिसऱ्या अटीपाशी आमचा दावा कोसळला. तिने विचारून वेल लावला होता. विचारून घेतलेली गोष्ट कितीही वर्षे घेतली तरी ती कृपाच राहते, हक्क होत नाही. हीच बाई उद्धट असती, कोणास न विचारता, जणू आपलीच जागा म्हणून तीस वर्षे राजरोस येऊन फुले तोडून गेली असती, तर एखाद्या न्यायाधीशासमोर तिच्या बाजूने उभे राहावयास आम्हांस काहीतरी आधार मिळाला असता. ती सभ्य होती म्हणून तिचे काहीच नाही. आणि घर बंद असलेल्या अकरा वर्षांत मालकाच्या कुलपामागे शिरली, म्हणून काटेकोरपणे पाहता अतिक्रमण करणारीही तीच.

हा नियम वेडगळ आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांस ते पटत नाही. शेजाऱ्याला विहिरीवर पाणी भरू दिले आणि वीस वर्षांनी त्याने विहिरीवर हक्क सांगितला, असे होऊ लागले तर कोणीही कोणास विहिरीजवळ उभे करणार नाही. परवानगीतून हक्क निपजत नाही म्हणूनच माणसे निर्धास्तपणे परवानगी देतात. उदारपणास संरक्षण मिळावे म्हणून कायद्याने हे कुंपण घातले आहे. परंतु आमची अडचण निराळीच होती. उदार होती ती म्हातारी. तिच्या उदारपणासाठी असलेले संरक्षण आम्ही, ज्यांनी कोणास काही दिले नव्हते, वापरीत होतो. विकत घेतलेल्या घराबरोबर कौले आली, वासे आले, विहीर आली. त्या घराने दिलेला शब्द तेवढा खतात यावयाचा राहिला, कारण तो कोणत्याच रकान्यात बसणारा नव्हता.

आमच्या जुन्या धर्मशास्त्रकारांनी ह्या प्रश्नाला हात घातलेला आहे. उपलब्ध धर्मसूत्रांत गौतमाचे सर्वांत जुने असे महामहोपाध्याय काणे मानीत, आणि काणे स्वतः वकील होते म्हणून आम्हांस त्यांचे मत अधिक मोलाचे वाटते. गौतम सांगतो की गायीसाठी गवत, अग्नीसाठी लाकूड आणि वेलीझाडांची फुले दुसऱ्याच्या जागेतूनही आपलीच समजून घ्यावीत. फळे मात्र कुंपण नसेल तेथलीच घ्यावीत. पाहा, कुंपणाची अट फळांना आहे, फुलांस नाही. फळ खावयाचे असते, फूल वाहावयाचे असते. खावयाच्या वस्तूस मालक चालतो. ह्या सूत्राने आमची चिऱ्याची भिंत एका फटक्यात निरर्थक ठरविली. अर्थात हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे की, ही सूत्रे रचणाऱ्यांच्या नजरेसमोर स्वतःचा अग्नी असलेला गृहस्थ होता. इरले घेऊन पावसात उभी असलेली ही बाई नव्हती, आणि तिच्यासारख्यांस त्याच ग्रंथांनी इतरत्र फारसे काही दिलेले नाही. आम्ही सोयीचे सूत्र उचलतो आहोत हे आम्हांस ठाऊक आहे. वकिलाची सवय.

पण ह्या सूत्रापेक्षाही एक प्रसंग आमच्या मनात घर करून राहिला आहे. ‘शाकुंतला’च्या चौथ्या अंकात शकुंतला सासरी निघते तेव्हा आपल्या वनज्योत्स्ना नावाच्या वेलीचा निरोप घेते, आणि सख्यांना सांगते की ही आता तुम्हां दोघींच्या हाती ठेव म्हणून दिली आहे. कालिदासाने तेथे वापरलेला शब्द आहे ‘निक्षेप’. कॉलेजात शिकताना तो काव्यातील शब्द वाटला होता. पुढे मनूच्या आठव्या अध्यायातील व्यवहाराची अठरा पदे पाठ करताना कळले की निक्षेप हे त्यांतील दुसरे पद आहे. पहिले ऋण, दुसरे निक्षेप, आणि तिसरे, मालक नसताना केलेली विक्री. म्हणजे शकुंतला निरोपाच्या घडीसही कायद्याची भाषा बोलते. वेल देऊन टाकीत नाही, विकत नाही. ठेव म्हणून सोपविते. ठेवीचे लक्षण असे की ती ज्याच्या हाती आहे त्याची नसते, आणि तरीही तिची जबाबदारी संपूर्ण त्याच्यावर असते. आणि सख्या काय म्हणतात? आम्हांला कोणाच्या हाती ठेवून चाललीस? नाटक पाहताना ह्या वाक्यास प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी येते. आम्हांस आता त्यात एक कायदेशीर प्रश्नही दिसतो: ठेव सांभाळणाराच निघून गेला तर ठेव कोणाकडे जाते? आमच्या घरची म्हातारी गेली. जाई अकरा वर्षे कोणाच्याच हाती नव्हती, किंवा फक्त त्या बाईच्या हाती होती. मग खरेदीखताने ती आमच्या हाती आली, आणि आम्ही ठेवीला मालमत्ता समजलो.

आमचे एक वकील मित्र आहेत, रोखठोक बोलणारे. त्यांना हे सारे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “तुम्ही भावनेच्या भरात आहात. प्रत्येक झुडपाचा पूर्वेतिहास तपासून मग कोयता चालवायचा म्हटले तर गोव्यात एक कुळागर उभे राहणार नाही. उद्या रानमोडीचेही म्हणणे ऐकून घ्याल!” ह्या आक्षेपात वजन आहे हे आम्ही नाकारीत नाही. जमिनीबाबत कोणीतरी शेवटी ठरविले पाहिजे. आणि ते ठरविण्याचा अधिकार म्हणजेच मालकी असे आमचे आजही मत आहे. ज्या आगरात दहा जण ठरविणारे असतात त्यात काय उगवते हे समाईक मिळकतींचे दावे चालविणाऱ्यास सांगावयास नको. अकरा वर्षे ह्याच घरात तेच उगवत होते.

परंतु रानमोडीचा उल्लेख मित्रांनी थट्टेने केला तरी तो आम्हांस विचार करावयास लावणारा ठरला. रानमोडी का उपटावी? परदेशी म्हणून, असे कोणी म्हणेल. खरे आहे, ती अमेरिका खंडातील. घाणेरीही तिकडलीच. पण दसऱ्यास दारावर ज्याचे तोरण लावतो तो झेंडू मेक्सिकोकडचा, आणि वनस्पतिशास्त्राप्रमाणे तो रानमोडीच्याच कुळातला आहे. देवळाच्या प्राकारात असलेला, ज्याला आम्ही देवचाफा म्हणतो, तोही अमेरिकेतून आलेला. निशिगंध, गुलबक्षी, कुळागरातील अननस, डोंगरावरचा काजू, पेरू, देवाच्या नैवेद्यातील आमटीत पडणारी मिरची, ही सगळी मंडळी समुद्रापलीकडची. ज्यांच्यामुळे आमच्या देवांना जुवारी ओलांडावी लागली त्यांच्याच जहाजांतून ह्यांतील पुष्कळशी मंडळी आली, आणि काही पिढ्यांत त्याच देवांच्या पायांशी जाऊन बसली! देवांनी कोणाचा दाखला मागितला नाही. तेव्हा मूळ गाव हा निकष टिकत नाही. रानमोडी उपटावी ती ती दुसऱ्या कोणास उगवू देत नाही म्हणून. हे तिच्या वर्तनावरून ठरले, जन्मावरून नव्हे, आणि ह्या बाबतीत आमच्या कोयत्याने अन्याय केला असे आम्ही मानीत नाही.

तरीही तिच्या बाजूने एक साक्ष आषाढाने दिली ती नोंदविली पाहिजे. ह्या प्रदेशात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांत. आम्ही चैत्रात उतार उघडा केला होता. पहिल्या जोरदार पावसात तांबडी माती सरळ पाटात उतरली आणि जे पाट आम्ही पैसे देऊन उपसले होते ते पुन्हा भरले. इतकी वर्षे ती माती त्या कुरूप झुडपांच्या मुळांनी धरून ठेवली होती. म्हाताऱ्या कामेऱ्याने कपाळाला हात लावून सांगितले की, तुकड्यातुकड्याने काढावयास हवे होते, एकात नवे लावून मग दुसऱ्यास हात घालावयाचा. मग तू तेव्हा का बोलला नाहीस, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, आपण विचारले नाही. पिंपळाच्या बाबतीत मात्र ह्या वेळी आम्ही त्यास विचारले. तो म्हणाला, मुळे कठड्याच्या आत गेलेली नाहीत, अजून वेळ आहे. आणि त्याने तो सांध्यातून मातीसकट सोडवून तळीच्या काठी नेऊन लावला. जगला आहे. भारद्वाज मात्र शेजाऱ्याच्या भाटात राहावयास गेला. त्याला परत आणण्याचा उपाय म्हाताऱ्यापाशीही नाही.

विचारले नाही, ह्या दोन शब्दांतच आमच्या अपराधाचे स्वरूप आहे. वीस वर्षे आम्ही न्यायालयापुढे एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत मांडीत आलो आहोत की, दुसऱ्या बाजूचे ऐकल्यावाचून दिलेला निकाल हा निकालच नव्हे. नोटीस लागू झाली नाही म्हणून कितीतरी एकतर्फी हुकूमनामे आम्ही रद्द करवून घेतले आहेत. आणि स्वतःच्या आगरात, साक्षीदार समोर येऊन “जायी आसा” असे सांगत असताना, आम्ही मान वर केली नाही. ज्या अपिलाची कागदपत्रे आम्ही तेव्हा वाचीत होतो त्यातला मुख्य मुद्दा कोणता होता? आमच्या अशिलास म्हणणे मांडण्याची संधी मिळाली नाही, हाच. ते अपील आम्ही जिंकलो. हुकूमनामा उलटला तर पक्षकारांस पूर्वस्थितीत आणून ठेवावे असे दिवाणी प्रक्रिया संहितेचे १४४ वे कलम सांगते. तीस वर्षांच्या जाईस पूर्वस्थितीत कसे आणावयाचे, ह्याची तरतूद त्यात नाही.

जे करता आले ते केले. भिंतीत तीन हातांची वाट पाडली आणि तीस दार बसविले नाही. म्हार्दोळहून जाईची फांदी मिळवून श्रावणात त्याच जागी लावली. मग त्या बाईच्या घरी गेलो. ती आली, फांदीकडे पाहिले, आणि म्हणाली की भिंतीच्या इतक्या जवळ सिमेंटाचा कस लागेल, दोन हात अलीकडे घ्या. अलीकडे घेतली. आता ती अधूनमधून येते, पाला काढते, आळ्यात पाणी आहे की नाही ते पाहते. आमच्या मुलीस पाटाचे तोंड कसे फिरवावे ते तिनेच शिकविले.

एके दिवशी आम्ही तिच्यापुढे एक मसुदा ठेवला. सदर जागेतील जाईच्या वेलाची फुले देवीच्या पूजेसाठी नेण्याचा कायमचा हक्क व त्यासाठी येण्याजाण्याची वाट, असे आम्ही आमच्याकडून लिहून देत होतो. म्हटले, उताऱ्यातील कोरा रकाना भरून टाकू. तिने कागद उलटासुलटा पाहिला. “कागद कित्याक बाब? म्हातारेन दिल्लें तें कागदार नाशिल्लें.” आम्ही म्हटले, “मावशी, कागद तुमच्यासाठी नाही आणि आमच्यासाठीही नाही. आमच्यामागून जो हे घर विकत घेईल आणि मान वर न करता ‘सगळे साफ कर’ म्हणेल, त्याच्यासाठी आहे.”

हे तिला पटलेले दिसले. थोड्या वेळाने तिने विचारले की, त्यावर नाव कोणाचे घालणार? आपण आणखी किती पावसाळे येणार. सून वेर्ण्याच्या कारखान्यात पाळीवर जाते, तिला हार ओवता येत नाही, आणि नातू पणजीत आहे. देवस्थानचे नाव घालावे तर उद्या समिती ती फुले लिलावाने देईल, अशी तिला भीती. देवीचेच नाव घाला, असे ती म्हणाली. देवता ही कायद्याने व्यक्ती मानली जाते हे खरे. पण तिच्या वतीने सही करावयास पुन्हा समितीच लागते, हे आम्ही तिला समजावून सांगू लागलो आणि मध्येच थांबलो.

वेल आता कमरेइतका झाला आहे. ह्या पावसाळ्यात फुले येतील की पुढच्या, ह्याविषयी तिचे व म्हाताऱ्या कामेऱ्याचे एकमत नाही. मसुदा टेबलाच्या खणात आहे आणि हक्कदाराच्या नावाची जागा अजून रिकामी आहे.